घरचं वाळवण ऑनलाइन विकताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

लातूर, धाराशिव, बीडकडच्या बचत गटांतल्या बायका मला फोन करतात, तेव्हा अडचण वेगवेगळी सांगतात, पण मुळाशी चूक बहुतेक वेळा एकच असते. आधी इन्स्टाग्रामवर पान निघतं, लोगो होतो, पुतण्या रील करून देतो, ऑर्डरी सुरू होतात. मग भाव ठरतो, खोके शोधले जातात आणि सगळ्यात शेवटी परवान्याची आठवण येते. हा क्रम उलटा हवा. मी लातूरहून येसर (आमटीत घालायचं, भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ), काळं तिखट, सांडगे आणि कुरडया पाठवते. खालच्या पायऱ्या त्याच मालाच्या उदाहरणाने लिहिल्या आहेत. डाळ, गूळ किंवा हातमागाचं कापड विकणाऱ्यांनाही थोड्या फरकाने त्या लागू पडतील.

१. माल निवडा, पण हंगाम मोजून

सुरुवातीला तीन-चार वस्तूच ठेवा. वीस वस्तूंची यादी आकर्षक दिसते, पण वीस पाऊच, वीस लेबलं आणि वीस ठिकाणी अडकलेलं भांडवल सांभाळावं लागतं.

आपल्या भागात वाळवण होतं फाल्गुन ते वैशाखात, कडक उन्हात. विक्रीचा जोर मात्र श्रावणापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे मार्चमध्ये मोंढ्यातून घेतलेल्या गव्हा-डाळीचे पैसे ऑक्टोबरमध्ये मोकळे होतात. हे सात महिने कशावर काढणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय मोठा माल करू नका. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. दिवाळीच्या तोंडावर मागणी होती, पण खोके आणायला पैसे नव्हते. आता वाळवणासोबत येसर आणि काळं तिखट ठेवते, कारण ते दर महिन्याला ताजं करता येतं आणि पैसा फिरता राहतो.

एक सावधगिरी नावाबद्दल. मराठवाडा केसर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, पैठणी यांना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. त्या मालाचे तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले नसाल, तर जीआयचं चिन्ह पाकिटावर छापू नका. "आमच्या भागातला" असं लिहिणं आणि मानांकनाचा शिक्का लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. एका पार्सलचा हिशेब मांडा

सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा. गावात किलोचा भाव ठरवायची आपल्याला सवय असते. ऑनलाइनमध्ये किलोचा भाव काढून चालत नाही, पार्सलचा काढावा लागतो.

समजा अर्धा किलो येसर आणि पाव किलो काळं तिखट असा जोड तुम्ही ४०० रुपयांना, घरपोच विकता. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा:

कच्चा माल १७० रुपये. भाजणं, गिरणी, कांडप आणि मजुरी ४०. पाऊच आणि लेबल १४. खोका, टेप, आतलं भरण २२. कुरिअर ७५. किमतीतच धरलेला ५ टक्के जीएसटी साधारण १९. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचं शुल्क ८. बेरीज ३४८. हातात उरले ५२ रुपये.

आता तीच ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीने गेली असं समजा. ऑनलाइन शुल्काचे ८ रुपये वाचले, पण रोख गोळा करण्याचं कुरिअरचं शुल्क ३५ धरलं, तर उरतात २५.

आणि गिऱ्हाइकाने पार्सल घेतलंच नाही तर? जातानाचे ७५, परत येतानाचे ७५ आणि वाया गेलेलं पॅकिंग २२, म्हणजे १७२ रुपये खिशातून गेले. एक परत आलेलं पार्सल भरून काढायला कॅश ऑन डिलिव्हरीची सात पार्सलं नीट पोचावी लागतात. दहांतलं एक परत आलं तर सगळं मिळून ५३ रुपये उरतात. दहांतली दोन आली तर १४४ रुपयांचा तोटा. विक्री तीच, मेहनत तीच, फक्त एक पार्सल जास्त परत आलं. शिवाय तीन आठवडे फिरून आलेलं तिखट पुन्हा विकायला मन धजत नाही, ते वेगळंच.

तुमची स्वतःची मजुरी यात धरलीच पाहिजे. "घरच्या घरी करतो, मजुरी कसली" म्हणणाऱ्या बाईचा धंदा वाढला की पहिली मदतनीस ठेवतानाच तो बसतो, कारण भावात त्या पगाराला जागाच नसते.

बाजारमंचावर, म्हणजे अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी, विकणार असाल तर कमिशन, ठरावीक शुल्क, पाठवणी आणि परताव्याचा खर्च अशा चार ओळी वाढतात. "शून्य कमिशन" वाचून हुरळू नका. बाकीच्या तीन ओळी किती आहेत ते दरपत्रकात पाहा.

तपासा: दहा पार्सलांतली दोन परत आली असं धरून हिशेब मांडा. तरीही तोटा होत नसेल तरच तो भाव कायम करा.

३. कागदपत्रं

अन्नपदार्थ घरी केला तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी किंवा परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो क्रमांक हातात आल्याशिवाय लेबलं छापायला टाकू नका. नंतर हाताने क्रमांक लिहिलेली पाकिटं गिऱ्हाइकाच्या मनात शंका आणतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे. सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळं काढून त्यासाठी हजार-दोन हजार घेणारे पुष्कळ आहेत. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी टिंबासकट .gov.in आहे की नाही, ते पाहा.

जीएसटीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तुम्ही स्वतः माल विकत असाल, तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते (हस्तकलेच्या काही वस्तूंना अटींवर सवलत आहे). आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. उदगीर-देगलूरच्या माणसाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ, आणि तिथे आपली माणसंही भरपूर. घरातलीच ऑर्डर वाटते, पण कायद्याने ती परराज्यातली विक्री असते.

बाजारमंचावर विकायला पूर्वी नोंदणी लागायचीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या लहान विक्रेत्यांना जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन, फक्त आपल्या राज्यात, तिथे माल विकता येतो. सुरुवातीला हा मार्ग चांगला आहे.

नोंदणी घेतलीच तर लक्षात ठेवा: विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, आणि उशीर झाला तर शून्य विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागतं. धंद्याचा पत्ता घरचाच असेल आणि घर सासऱ्यांच्या नावावर असेल, तर नोंदणीच्या अर्जाला वीजबिलासोबत त्यांचं संमतीपत्र जोडा. आपल्याकडचे बरेच अर्ज याच कागदासाठी अडतात. कोणत्या वस्तूला किती कर, हे प्रत्येक वस्तूचा एचएसएन कोड (करासाठी ठरवलेला वस्तूचा क्रमांक) घेऊन कर सल्लागाराकडून एकदा लेखी घ्या. सुटी डाळ आणि छापील पिशवीत भरलेली डाळ यांत फरक आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के कर आहे.

४. लेबल आणि वजनकाटा

पाकिटावर हे सगळं हवं: वस्तूचं नाव, करणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो पडणारा भाव, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, पोषणमूल्यांचा तक्ता, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, एफएसएसएआय क्रमांक, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. यातली आवश्यक माहिती ऑनलाइन पानावरही दिसली पाहिजे.

येसरात गहू असतो. गव्हाची, आणि शेंगदाणा वापरत असाल तर त्याचीही, सूचना ठळक लिहा. "सगळ्यांना माहीतच असतं" हे लातुरात खरं असेल, मुंबईत जन्मलेल्या नातवंडाला ते माहीत नसतं, आणि अॅलर्जी असलेल्या माणसासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.

काटा वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारून घेतलेला हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करायची. निव्वळ वजन म्हणजे पाऊच वगळून आतला माल. पाव किलोच्या पाऊचमध्ये पाऊचसकट पाव किलो भरलेला मी पाहिला आहे. करणाऱ्या बाईची नियत चांगली होती, तरीही ती गिऱ्हाइकाची फसवणूकच ठरते.

थांबा: पहिल्या छपाईत हजार लेबलं मारू नका, शंभर मारा. पहिल्या महिन्यात किमान एक चूक सापडतेच.

५. सगळी खाती स्वतःच्या नावावर

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर धंदा हातातून जातो. विक्रेत्याचं खातं, ईमेल, व्हॉट्सअॅप बिझनेस, संकेतस्थळाचं नाव, पेमेंटचं खातं, सगळं तुमच्या नावावर आणि तुमच्या मोबाईल नंबरवर हवं. आमच्या ओळखीच्या एका गटाचं सगळं काम एका होतकरू मुलाने मनापासून करून दिलं, स्वतःचा नंबर टाकून. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि गटाला स्वतःच्याच खात्याचा ओटीपी मिळेना. दोन वर्षांची गिऱ्हाइकं आणि त्यांचे अभिप्राय, सगळं गेलं.

बँकेत धंद्याचं वेगळं खातं काढा. घरखर्चाच्या खात्यात गिऱ्हाइकांचे पैसे घेतले आणि कुणा पाठवणाऱ्याचा पैसा सायबर तक्रारीत निघाला, तर खातं गोठू शकतं आणि घरचा किराणासुद्धा अडतो.

६. पॅकिंग: आधी घरच्या घरी आपटून बघा

आधी वजनाचं समजून घ्या, कारण कुरिअर दोन वजनं काढतं: काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक कंपन्यांत ५००० ने भागायचं. जे वजन जास्त येईल त्याचे पैसे लागतात. एक किलो कुरडयांचा खोका ३५ बाय २५ बाय २० चा असेल, तर गुणाकार १७,५००, आणि आकारमानाचं वजन साडेतीन किलो. पहिल्या महिन्यात मी एक किलोचा दर धरून भाव लावला होता आणि बिल साडेतीन किलोचं आलं. हिशेब कुरिअरचा बरोबरच होता, माझं दरपत्रक वाचायचं राहून गेलं होतं.

यावरचा उपाय खोक्यात शोधू नका, सोऱ्यापाशी शोधा. कुरडई घालतानाच एका मापाची, तळहाताएवढी घाला. सारख्या आकाराच्या कुरडया एकावर एक बसतात, मधली पोकळी कमी होते, खोका लहान होतो आणि तूटफूटही घटते. घरी खायच्या ताटलीएवढ्या मोठ्या कुरडया सुंदर दिसतात, पण त्या पार्सलच्या नाहीत.

आता भरण्याचा क्रम:

१) माल पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावरच पाऊचमध्ये भरा. भाजलेलं येसर कोमट असताना बंद केलं तर आत वाफ धरते आणि महिन्याभरात कुबट वास येतो.

२) वजन करा, मग सील करा. सील केल्यावर पाऊच दाबून हवा सुटते का ते पाहा. सीलच्या पट्टीत तिखटाची पूड अडकली की तिथून हमखास गळतं, म्हणून पट्टी आधी कोरड्या फडक्याने पुसा.

३) सगळे पाऊच एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती बंद करा. हा थर वगळू नका. एका जूनमध्ये कुरिअरच्या गोदामात पाणी शिरलं आणि माझी तेवीस पार्सलं भिजली. ज्यांत ही पिशवी होती ती सहा वाचली.

४) खोक्यात माल हलता कामा नये. रद्दी कागद चालेल, पण शाईचा कागद अन्नाच्या पाऊचला थेट लावू नका.

५) टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर लावा.

६) बंद खोका काट्यावर ठेवून फोटो घ्या, मोजपट्टी लावून दुसरा. वजनाच्या तफावतीचा वाद झाला तर हेच दोन फोटो कामाला येतात. मोठ्या ऑर्डरीला भरतानाचा न कापलेला व्हिडिओही ठेवा.

तपासा: भरलेला खोका कमरेइतक्या उंचीवरून पाच वेळा टाका, एकदा कोपऱ्यावर. उघडून चुरा तोला. मग तोच खोका पुण्यातल्या नातेवाइकाला पाठवा आणि उघडतानाचा व्हिडिओ मागवा. एप्रिल-मेमध्येही एकदा पाठवून बघा, कारण उन्हात तापलेल्या गाडीत काळ्या तिखटाचं तेल सुटतं आणि जानेवारीत टिकलेला पाऊच तेव्हा टिकत नाही.

७. फोटो आणि वर्णन

सकाळच्या उजेडात, दारात किंवा गच्चीच्या सावलीत फोटो काढा. रंग गडद करणारे फिल्टर नकोत. पाकीट हातात धरलेला एक फोटो हवाच, नाहीतर लोक आकार मनाने ठरवतात आणि "एवढंसं आलं" अशी तक्रार येते.

वर्णनात येसर म्हणजे काय, आमटीला किती चमचे घालायचं, तिखट कितपत, आणि त्यात काय नाही हेही लिहा. "अस्सल, पारंपरिक, आजीच्या हातचं" हे शब्द सगळेच लिहितात. "चार माणसांच्या आमटीला दोन चमचे" हे वाचून माणूस ऑर्डर देतो. औषधी गुणांचे दावे अजिबात करू नका. मधुमेह बरा होतो, सांधे मोकळे होतात असं लिहिलं की कायद्याचा प्रश्न येतो, आणि एखादा आजारी माणूस त्यावर खरोखर विश्वास ठेवतो.

८. ऑर्डर आल्यावर

आधी पिनकोड पाहा, मग गाव. वडगाव आणि पिंपळगाव प्रत्येक तालुक्यात आहेत. तालुका, जिल्हा, जवळची खूण आणि चालू फोन नंबर मागा. कुणी उस्मानाबाद लिहितं, कुणी धाराशिव. कुणी औरंगाबाद, कुणी छत्रपती संभाजीनगर. कुरिअरच्या यादीत यातलं कोणतंही नाव असू शकतं, म्हणून नावावरून पत्ता दुरुस्त करत बसू नका. सहा अंक बरोबर असले की पार्सल जातं. खासगी कुरिअर जिथे पोचत नाही तिथे पोस्ट पोचतं, म्हणून पोस्टाचा पर्याय कायम उघडा ठेवा.

कॅश ऑन डिलिव्हरी पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. खेड्यातला आणि वयस्क गिऱ्हाईक त्यावरच विश्वास ठेवतो. पण काही बंधनं घाला. पहिल्या ऑर्डरीला फोन करून खात्री करा. पाठवणीचे पैसे आगाऊ घ्या, बाकी रक्कम दारात. ज्याला घ्यायचंच आहे तो शंभर रुपये आनंदाने देतो, आणि ज्याने सहज बटण दाबलं होतं तो तिथेच गळतो. पार्सल निघालं आणि पोचायला आलं, अशा दोन्ही वेळी निरोप पाठवा. बरीच पार्सलं माणूस शेतात किंवा कामावर असल्याने परत येतात, नको म्हणून नव्हे.

शिल्लक माल एकाच वहीत ठेवा. व्हॉट्सअॅपवर विकलेला सांडग्यांचा शेवटचा पाऊच बाजारमंचावरही विकला गेला, तर ऑर्डर रद्द करावी लागते आणि खात्याची पत घसरते. जुनी बॅच आधी बाहेर काढा.

९. पैसा आणि फसवणूक

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय खोका बंद करू नका. "चुकून जास्त पाठवले, परत करा" असा फोन आला तर आधी खातं तपासा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला किंवा क्यूआर स्कॅन करायला सांगितलं की फोन ठेवा. लष्कराच्या कँटीनसाठी मोठी ऑर्डर आहे, असं सांगून हाच डाव टाकतात. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा, कारण पहिले काही तास फार मोलाचे असतात.

दर सोमवारी गेल्या आठवड्याची यादी घेऊन बसा: किती पार्सलं गेली, किती पोचली, किती परत आली, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे किती जमा झाले. परत येतंय असं दिसणारं पार्सल खरंच घरी आलं का, हेही याच यादीत पाहा. मी हे तीन महिने केलं नव्हतं, तेवढ्यात अकरा परतीची पार्सलं हरवली आणि दाव्याची मुदतही टळून गेली.

१०. तक्रार आली तर

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण महिन्याभरात करायचं. तुम्ही त्याच दिवशी उत्तर द्या. फोटो मागा, बॅच क्रमांक विचारा, आणि चूक आपली असेल तर वाद न घालता दुसरं पाकीट पाठवा. एकाच बॅचच्या दोन तक्रारी आल्या की त्या बॅचची विक्री लगेच थांबवा आणि उरलेला प्रत्येक पाऊच उघडून पाहा. अन्नाच्या धंद्यात इथे हयगय करायला मुभा नाही.

११. दिवाळीची गर्दी

खोके, टेप, पाऊच आणि लेबलं दसऱ्याच्या आधी घरात हवीत, नंतर भाव चढतात आणि माल मिळत नाही. तुमच्या तालुक्यात कुरिअरची गाडी रोज येते की एक दिवसाआड, हे आत्ताच विचारून घ्या. गर्दीत ती कधीकधी जागा नाही म्हणून पार्सलं न घेताच निघून जाते, म्हणून जवळच्या शहरातलं त्यांचं केंद्र कुठे आहे आणि तिथे स्वतः किती वाजेपर्यंत माल देता येतो हेही लिहून ठेवा. पार्सल पोचायला एरवी पाच दिवस लागत असतील तर दहा धरा. वसुबारसेपासून मागे दहा दिवस मोजून शेवटची तारीख ठरवा आणि पानावर, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर, फोनवर सगळीकडे तीच सांगा. त्या तारखेनंतर आलेल्या ऑर्डरीला "दिवाळीनंतर पाठवू, चालेल का?" असं विचारा, आणि होकार आल्यावरच पैसे घ्या.